दोन वर्षांखालचं मूल: घरी एकाच माणसाकडे की पाळणाघरात?

ओसरी
रजा संपत आली की प्रत्येक घरात हाच विषय निघतो, म्हणून धागा काढतेय. आजी-आजोबा, घरी येऊन सांभाळणारी ताई, एखादी बाई स्वतःच्या घरात चार-पाच मुलं सांभाळते तसं घरगुती पाळणाघर, किंवा मोठं पाळणाघर, एवढेच पर्याय असतात.

माझं मत: दोन वर्षांपर्यंत मूल एकाच माणसाकडे, शक्यतो घरीच असावं. आठव्या महिन्याच्या आसपास मुलं परकं माणूस ओळखायला लागतात, आई दिसेनाशी झाली की कासावीस होतात, आणि दीडेक वर्षापर्यंत हे चालतं. नेमक्या त्याच काळात सांभाळणारे हात सारखे बदलले, तर भिंतीवर कितीही हत्ती-ससे रंगवलेले असोत, काय उपयोग?

तिरकस
असहमत. 'एकच माणूस' ऐकायला गोड वाटतं. ती ताई आजारी पडली की त्या दिवशी काय करता? आणि बंद दाराआड ती बाळाशी कशी वागते हे बघायला कोण असतं? पाळणाघरात निदान चार डोळे एकमेकांवर असतात. कॅमेरा लावू म्हणाल, पण कॅमेरा झाल्यावर दाखवतो, होताना अडवत नाही.

दोन_पिल्लं
ओसरी, तुमचा मुद्दा पटतो, निष्कर्ष नाही. ठरलेलं माणूस पाळणाघरातही देता येतं. इंग्लंडमध्ये नियमच आहे की प्रत्येक मुलामागे एक ठरलेली व्यक्ती हवी, आणि दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे किमान एक मोठं माणूस. त्याही आधी, १९४६ मध्ये, एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बुडापेस्टमध्ये आईवडिलांपासून दुरावलेल्या बाळांसाठी बालगृह काढलं. तिथे बाळाची अंघोळ, दुपटी, भरवणं हे ठरलेल्या मोजक्याच जणींनी, घाई न करता, बाळाशी बोलत करायचं अशी पद्धत होती. संस्थेत ते जमतं. जमवायचं मनावर घ्यावं लागतं, एवढंच.

म्हणून पाळणाघर बघायला गेलं की खेळणी मोजत बसू नका. विचारा, एका ताईकडे किती बाळं? ती इथे किती वर्षं टिकलीय? माझं बाळ रोज तिच्याचकडे असेल ना? वर्षाखालच्या बाळाला पाठीवर झोपवता ना? आणि एकदा न सांगता दुपारी जाऊन या. मुलांच्या झोपेच्या वेळी टीव्ही लागलेला दिसला तर काय ते समजा.

ओसरी
नियम कागदावर ठीक. त्याच इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी आधी चार मुलांमागे एक माणूस लागायचं, २०२३ मध्ये ते पाचांवर नेलं. माणसं मिळेनाशी झाली की आकडा वाढतो. शिवाय पाळणाघरातली पहिल्या वर्षाची सर्दी-ताप-जुलाबाची माळ कुणी मोजत नाही.

तिरकस
मोजतात की. गटात वाढणारी मुलं सुरुवातीला जास्त आजारी पडतात हे खरं, पण शाळेच्या वयात त्यांना सर्दी कमी होते असंही दिसलंय. घरी राहिलेलं मूल तो हप्ता पुढे भरतं. बाळ अगदी तान्हं किंवा अशक्त असेल तर वेगळी गोष्ट, तिथे डॉक्टरांना विचारा, आम्हाला नको.

आजोबा_ड्युटीवर
सगळे भांडताय, आम्हाला कुणी विचारलंय का? नात सव्वा वर्षाची. जीव ओवाळून टाकावा अशी आहे, पण दुपारी चारनंतर माझे गुडघे बोलतात आणि मग मी तिच्या हातात मोबाइल देतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच. माहीत आहे. सूनबाई बोलत नाही, मीही काढत नाही. आजी-आजोबांना फुकटची सोय धरू नका. अर्धा दिवस आम्ही, अर्धा दिवस पाळणाघर असं का नाही चालत?

निळी_छत्री
आजोबा, तुमचा प्रतिसाद सगळ्यात कामाचा. अमेरिकेत १९९१ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. सांभाळ चांगल्या प्रतीचा असेल तर भाषा आणि आकलन थोडं सरस, खूप जास्त तास बाहेर असेल तर हट्ट-मारामारी किंचित जास्त, आणि या सगळ्यापेक्षा घरच्या वातावरणाचा परिणाम मोठा, असं त्यात निघालं. म्हणजे तास कमी करणं हाही एक पर्यायच, आणि तो यादीत कुणीच धरला नाही. बाबांनी सकाळची वेळ उशिरा केली, आईने संध्याकाळची लवकर, तर आठाचे सहा तास होतात. ही मागणी दोघांच्याही ऑफिसात व्हायला हवी. फक्त आईच्या नव्हे.

ओसरी
तासांचं मान्य. पण अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे म्हणजे दिवसातून दोनदा ताटातूट. दहा महिन्यांच्या बाळाला ते झेपेल असं मला अजूनही वाटत नाही.

आजोबा_ड्युटीवर
माझ्याकडून आईकडे जाताना ती हसतच जाते हो. रडते ती मोबाइल काढून घेतल्यावर.