औशाची मुलाखत: ओठ पुढे, आवाज मागे, आणि पंख्याची घरघर

प्रेषक: चित्रफीत समिती

नमस्कार मंडळी,

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या इकडच्या (अमेरिका-कॅनडातल्या) कार्यक्रमासाठी औशाजवळच्या एका गावातून आलेली एका आजोबांची ५२ मिनिटांची मुलाखत एडिटिंगला घेतली आहे. चित्रण फोनवरचं, सेकंदाला ३० फ्रेमचं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, कॉलर माइकने, ४८ किलोहर्ट्झ. एडिटिंग डाव्हिंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत चाललंय. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं: सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही जुळवले, तरी पुढे आवाज मागे पडतो. १० व्या मिनिटाला १ फ्रेम, २० व्याला २, ३० व्याला एकदम ४१, ४० व्याला ४२. आवाजाचा वेग किंचित वाढवला की शेवट जुळतो, पण मग पहिली वीस मिनिटं बिघडतात.

दुसरं: डोक्यावर पंखा आणि मागे बारीक गुणगुण. डी-हमर (गुणगुण कापणारा फिल्टर) ६० हर्ट्झवर लावला, मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (घरघर कमी करणं) २४ डीबी (डेसिबल). घरघर कमी झाली, पण आजोबा पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखे वाटतात. वाक्यांचे शेवटही तुटतात. गुणगुण मात्र आहे तशीच!

कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत. जाणकारांनी सांगावं.

प्रेषक: मूळ उदगीर, हल्ली टोरांटो

नमस्कार. तुम्ही दर दहा मिनिटांचा आकडा दिलात ते फार बरं केलं, दुखणं त्यातच दिसतंय.

ओठ आणि आवाज न जुळण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच फरक असेल तर नुसतं सरकवायचं. फरक एकसारख्या गतीने वाढत असेल तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी, किंवा काहीतरी चुकीच्या दराने वाचलं जातंय. २९.९७ ला ३० धरलं तर तासाला ३.६ सेकंद जातात. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ म्हणून वाजली तर तासाचा ऐवज ५५ मिनिटांत संपतो आणि आवाजही चिरका होतो. दर दहा मिनिटांना एक फ्रेम जातो तो घड्याळांचा किरकोळ फरक, पण तुमचं खरं दुखणं यातलं नाही. तुमच्याकडे २० ते ३० मिनिटांच्या मध्ये एकदम ३९ फ्रेम गळाल्यात. ही बदलत्या फ्रेमरेटची खूण. रेकॉर्डरला दोष देऊ नका.

उजेड कमी झाला की बरेच फोन आपणहून फ्रेमरेट उतरवतात. ३० वरून २४ वर आला तर सेकंदाला ६ फ्रेम कमी, म्हणजे ३९ फ्रेम जायला साडेसहा सेकंदांचा काळोख पुरे. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळं ३० चंच धरून चालतं, त्यामुळे चित्र लवकर संपतं आणि आवाज मागे राहतो. २० ते ३० मिनिटांत चित्र कुठे अंधारतंय ते पाहा. मीडियाइन्फोमध्ये (फाइलचा तपशील दाखवणारं टूल) मूळ फाइल उघडा, ‘फ्रेमरेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसेल.

उपाय: हँडब्रेकमध्ये (व्हिडिओचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) मूळ फाइल घ्या. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ न ठेवता ३० निवडा आणि शेजारी ‘कॉन्स्टंट’. क्वालिटी आरएफ १८ (हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला). फोनचा आवाज काढून टाकू नका, जुळवायला तोच लागतो. नवी फाइल रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये आणा, रेकॉर्डरची फाइल सोबत निवडा आणि ‘ऑटो सिंक ऑडिओ’मधून वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या लाटांच्या आकृतीवर) जुळवा.

प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेमरेटही एकदा तपासा. रिझॉल्व्ह मुळात २४ वर उघडतं आणि पहिली क्लिप आणताना बदलू का असं विचारतं. तिथे घाईत ‘नको’ म्हटलं असेल तर हात हलवताना झटके दिसतील. क्लिप आत आल्यावर प्रोजेक्टची ती सेटिंग बदलत नाही, पण ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची खूण काढून ३० ची नवी टाइमलाइन करता येते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल वापरत असाल तर आधी मूळ फाइल मागवा. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही दाबले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तरच जशीच्या तशी येते.

प्रेषक: मूळ अंबाजोगाई, हल्ली न्यू जर्सी

मी आवाजापुरतं लिहिते.

गुणगुण हलली नाही, कारण तुम्ही इकडची वीज धरलीत. अमेरिका-कॅनडात ६० हर्ट्झ, औशात ५०. तिथली गुणगुण ५०, १००, १५०, २०० वर बसलीय आणि तुम्ही ६०, १२०, १८० कापलंत. म्हणजे गुणगुण शाबूत आणि आजोबांच्या आवाजालाच खड्डे! पुरुषांच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे ५० वर नेल्यावरही हात राखूनच. आधी ८० च्या खालचं हाय-पास फिल्टरने काढा, ५० तिथेच बरंचसं मरतं. मग डी-हमर ५० वर, अगदी थोडा, १०० वर अरुंद. १५० ला हात लावायच्या आधी डोळे मिटून ऐका. छातीतला आवाज गेला असं वाटलं तर मागे या.

क्रम चुकवू नका. कुठे आवाज फाटला असेल, म्हणजे वेव्हफॉर्मचे माथे सपाट दिसत असतील, तर ती दुरुस्ती सगळ्यात आधी. फिल्टर लावल्यावर ते माथे वाकडे होतात आणि दुरुस्तीच्या टूलला सापडत नाहीत. नंतर हाय-पास, गुणगुण, पंखा, ईक्यू (जाड-बारीक सुरांचा तोल), कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणं) आणि शेवटी एकूण पातळी. कॉम्प्रेशननंतर आवाज ६ डीबी वर उचललात तर पंखाही ६ डीबी वर येतो, म्हणून पंख्याचा निकाल शेवटी पुन्हा ऐकूनच लावा.

आता पंखा. छताचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असला तर तीन पात्यांचे सेकंदाला १५ फटके. अर्ध्या सेकंदाचा नमुना दिला तर टूलला नीट अंदाज येत नाही. कुणीच बोलत नाही, श्वासही नाही, अशी दोन सेकंदं शोधा आणि त्यावर ‘गेट नॉइज प्रोफाइल’ करा. मग ६ डीबी, सेन्सिटिव्हिटी ६, स्मूदिंग ६. भागलं नाही तर नवा नमुना घेऊन पुन्हा ६. एका दमात २४ केलं की ते पिंप वाजणारच.

लावण्याआधी ‘रेसिड्यू’ निवडून ऐका, म्हणजे जे फेकलं जाणार आहे ते ऐकू येतं. तिथे नुसती घरघर हवी. ‘स’, ‘श’, ‘ख’ची फुंकर ऐकू आली तर शब्द फेकताय. आपल्याकडच्या बोलीत तर वाक्याचं शेपूट फार हळू असतं. ‘आमी तवा लहान व्हताव’ यातला ‘ताव’ पंख्याच्या पातळीला टेकतो. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं टूल) लावलात की पहिला तोच कापला जातो. गेट नकोच. उपशीर्षकातही ‘व्हताव’च राहू द्या, ‘होतो’ करू नका.

एका बटणात सगळं साफ करणाऱ्या एआय टूलबद्दल कुणीतरी सुचवेलच. कार्यक्रमाच्या जाहिरातीला ठीक. पण पुसट व्यंजन अशी टूल्स अंदाजाने भरतात, आणि ही साक्ष आहे. मूळ वेव्ह फाइल न छेडता वेगळी जपून ठेवा.

प्रेषक: चित्रफीत समिती

तंतोतंत! २३ व्या मिनिटाला कुणीतरी दारात येऊन उभं राहतं आणि माजघर अंधारतं, साडेसहा सेकंद. हँडब्रेकनंतर तो ३९ चा खड्डा बुजला. शेवटी ५ फ्रेमचा फरक उरलाय, हळूहळू वाढत गेलेला. ६ डीबीच्या दोन फेऱ्यांत पंखाही मागे गेला.

आता ३५ ते ३८ मिनिटांत देवळाच्या भोंग्यावरचं भजन मिसळलंय, त्याचं काय? आणि पुढच्या महिन्यात याच गावात आणखी दोन मुलाखती आहेत. तिथल्या मुलांना काय कळवू?

प्रेषक: मूळ उदगीर, हल्ली टोरांटो

५ फ्रेमसाठी आवाज ताणू नका. प्रश्न संपून उत्तर सुरू होण्याच्या शांततेत पाच ठिकाणी कापा आणि दर वेळी एक फ्रेम सरकवा. जोडावर पंख्याच्या त्याच दोन सेकंदांचा तुकडा भरा, नाहीतर खळगा ऐकू येतो.

भजनावर नॉइज रिडक्शन चालत नाही, तोही माणसाचाच आवाज. ती तीन मिनिटं तशीच ठेवून उपशीर्षक द्या.

प्रेषक: मूळ अंबाजोगाई, हल्ली न्यू जर्सी

मुलांना एवढंच कळवा. माइक हनुवटीखाली वीतभर, उपरण्याला किंवा पदराला घासणार नाही असा. माइकचं अंतर दोन मीटरवरून पाव मीटरवर आणलं की आवाज सुमारे १८ डीबीने वाढतो आणि पंखा आहे तिथेच राहतो. इतकं कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही. पत्र्याच्या खोलीत बसू नका, माळवदाचं घर असेल तर तिथे बसा, आणि बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर दोन वाकळा टांगा. पंखा, कूलर, पाण्याची मोटर बंद. उन्हाचं आजोबांना पंख्याविना बसवणार नसाल तर सकाळी आठच्या आत उरका. लाईट गेली तर रेकॉर्डिंग थांबवू नका, बॅटरीवर चालू ठेवा, तेवढी शांतता दिवसभरात पुन्हा मिळत नाही. फक्त इन्व्हर्टर सुरू करू नका, साध्या इन्व्हर्टरवर पंखा जास्तच गुणगुणतो. फोनच्या कॅमेऱ्यात फ्लिकरची सेटिंग असेल तर ५० हर्ट्झ. आणि उठण्याआधी सगळ्यांनी तीस सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज घ्यायचा, कपबशांना हात न लावता.