पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ७.२ आलाय, एमआरआयपर्यंत काय करावं?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): बाबा ६६ वर्षांचे. एमआरआय पुढच्या आठवड्यात. काळजीनं रात्रभर जागे असतात.

उत्तर १: ७.२ म्हणजे कॅन्सरच, असं नाही. लघवीच्या संसर्गानं, नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनंही आकडा चढतो. लघवीचं कल्चर झालंय का? संसर्ग निघाला तर उपचारानंतर ६ ते ८ आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये. आधीचे ४८ तास सायकल आणि वीर्यपतन टाळायचं.

उत्तर २: ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा! सहाएक महिन्यांत ती गोळी पीएसए साधारण निम्म्यावर आणते, म्हणजे खरा आकडा मोठा असू शकतो.

उत्तर ३: एमआरआयमध्ये पाय-रॅड्स (कॅन्सरच्या शक्यतेचा गुण, ५ म्हणजे सर्वांत जास्त) १ ते ५ मिळेल, ४-५ आला तर बहुधा बायोप्सी (प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासणी). बायोप्सीनंतर थंडी-ताप आला तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. एमआरआयपर्यंत काकांना संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला न्या. रात्री मोबाईलवर शोधाशोध नको.