अनुभव धागा: गावातलं कोर्ट उठलं तर?

छोट्या गावांतली कोर्टं बंद करून कामकाज मोठ्या शहरात न्यायचं, ही भाषा आता जगात बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. कारणं ठरलेली: दावे कमी, इमारत जुनी, न्यायाधीश एकच. कागदावर पटतातही. मला ऐकायचंय ते बाकावर ताटकळलेल्यांकडून. पक्षकार, साक्षीदार, कर्मचारी, वकील, कुणीही लिहा. चालू प्रकरणातली नावं मात्र नकोत.

साक्षीदार
अपघात माझ्यासमोर झाला, एवढाच माझा संबंध. कोर्ट गावात होतं तेव्हा 'साहेब रजेवर' कळलं की तासाभरात कामावर परत. लांब गेल्यावर पहाटेची गाडी, दिवसभराची मजुरी बुडालेली, आणि संध्याकाळी हातात पुढची तारीख. समन्स आलं की घरचे म्हणायचे, "तू पाहिलंसच कशाला?"

निवृत्त बेलिफ
समन्स बजावायचं म्हणजे पत्ता शोधायचा, असं लोकांना वाटतं. पत्ता एका ओळीत असतो हो, माणूस सापडायला हवा. कोण रात्रपाळीला आहे, कोण पेरणीच्या दिवसांत शेतावरच झोपतो, दोन भावांचं पटत नाही म्हणून एकाकडचा निरोप दुसऱ्याकडे जातच नाही, हे मला ठाऊक असायचं. कार्यालय हललं आणि नवा माणूस भर दुपारी यायला लागला. 'घर बंद' असा शेरा मारून परत. दुपारी घर बंदच असणार! मग पुढे कधीतरी नोटीस पोचली असं धरून एकतर्फी हुकूम होतो, आणि तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळी फी. बंद करताना वाचलेला खर्च मोजतात, त्यात हे कधी धरतात का?

वकील
थोडं उलट बोलतो. आमच्या छोट्या कोर्टात एकच न्यायाधीश होते. त्यांची बदली झाली की नवे येईपर्यंत नुसत्या तारखा. समोरच्याचा नातेवाईक कार्यालयातच, त्यामुळे अर्ज दाखल होण्याआधी बातमी गावभर. घरगुती छळाची तक्रार घेऊन येणारी बाई पायरी चढली की चार जण बघणार. मोठ्या ठिकाणी तिला कुणी ओळखत नाही, आणि कौटुंबिक प्रकरणांसाठी स्वतंत्र न्यायाधीश असतात. माझ्या काही अशिलांना हलवाहलवीचा फायदाच झाला.

पोटगीची अर्जदार
वकीलसाहेब, ती पायरी मी चढले आहे. नजरा सोसल्या, पण पायी जाता येत होतं. कोर्ट लांब गेलं तसं मूल कुणाकडे ठेवायचं इथपासून सुरुवात. नवरा तारखांना येईनासा झाला. त्याचं काहीच बिघडत नव्हतं. हेलपाटा आणि भाडं माझं. शेवटी मिळेल त्या रकमेवर तडजोड केली. कुणी ओळखत नाही हे खरं, पण तिथवर पोचणार कोण?

दुभाषी, इंग्लंड
इकडे २०१० ते २०१९ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या ३२३ मॅजिस्ट्रेट कोर्टांपैकी १६२ बंद झाली. खेड्याकडून दिवसाला मोजक्याच बस, म्हणून फिर्यादी आणि आरोपी एकाच बसमध्ये. तासभर समोरासमोर. त्यावर तोडगा म्हणून व्हिडिओ. त्यात माझी अडचण अशी की आरोपीच्या कानाशी हळू बोलता येत नाही. तिकडे वकील बोलतोय, त्यावर माझा आवाज, मग न्यायाधीश दोघांनाही थांबवतात. सरावलेले लोक निभावतात. पहिल्यांदा आलेला घाबरलेला माणूस सगळ्याला "हो" म्हणतो.

कोर्टातला कारकून
डेन्मार्कने २००७ मध्ये जिल्हा न्यायालयं ८२ वरून २४ वर आणली, आणि मालमत्तेच्या नोंदींचं काम एकाच ठिकाणी नेलं. ते ठिकाण राजधानी नव्हे, हॉब्रो नावाचं छोटं गाव! म्हणजे एकत्र आणायचं तर शहरातच, असं काही नाही. बाकी इमारतीवरून भांडण होतंच, पण रेकॉर्ड रूमचं काय ते कुणी विचारत नाही. आमच्याकडची दप्तरं टेम्पोत कोंबून गेली आणि पुढे कितीतरी अर्जांवर 'मूळ कागद आढळत नाहीत' एवढंच उत्तर. ज्यांचे वाटणीचे, हद्दीचे जुने निकाल आहेत त्यांनी हलवाहलवीची कुणकुण लागताच शिक्क्यासह नकला काढून घ्या. अर्जात दावा क्रमांक आणि निकालाची तारीख दोन्ही लिहा, नुसत्या नावावर शोध लागत नाही.