जुन्या सोसायटीला बाहेरून लिफ्ट : लँडिंगवर थांबली तर चालेल का?

रंकाळाकाठ
कोल्हापुरात नागाळा पार्कातली १९९४ ची सोसायटी. पार्किंगवर तीन मजले, १२ फ्लॅट, लिफ्ट नाही. निम्म्या घरांत सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. जिन्यामागे कंपाउंडपर्यंत साडेतीन मीटर जागा आहे. तिथं लोखंडी सांगाडा उभा करून लिफ्ट बसवता येईल, पण दार दोन मजल्यांमधल्या लँडिंगवर, म्हणजे जिना वळतो त्या सपाट जागी, उघडेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी होतं. पहिल्या मजल्यावरचे सभासद खर्चाला तयार नाहीत. कोटेशनआधी काय तपासावं?

ओळंबा
आधी पायऱ्या मोजा. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर साधारण १८ पायऱ्या, म्हणजे लँडिंगपासून कुठल्याही दारापर्यंत नऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टमधून उतरूनही नऊ पायऱ्या चढायच्याच, आणि व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर असेल तर लिफ्ट असून नसल्यासारखी. पहिल्या मजल्यावरच्यांचा तर निम्माच जिना वाचतो, तेव्हा त्यांचा विरोध हट्टाचा नाही. लिफ्टचं दार मजल्याच्या पातळीलाच उघडायला हवं. लॉबीची एखादी भिंत बाहेरच्या बाजूला आहे का पाहा. तिथून १.२ मीटर रुंदीची गॅलरी काढून शाफ्टला (लिफ्टच्या उभ्या सांगाड्याला) जोडता येते. लॉबी चारही बाजूंनी फ्लॅटनी वेढलेली असेल तर कुणाच्या तरी बाल्कनीची पट्टी घ्यावी लागेल. तो करार लेखी आणि मोबदल्यासह करा.

केबिन आतून १.१ × १.४ मीटर, दार पूर्ण उघडल्यावर ८० सेंमी मोकळं. याहून लहान केबिनमध्ये व्हीलचेअर ढकलणारा माणूस मावत नाही.

मुरूम
इमारत तिशीपार गेली आहे, म्हणजे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ते आधी करा. कॉलमच गंजले असतील तर लिफ्टवरचा पैसा वाया जाईल.

शाफ्टला स्वतंत्र पाया हवा. खाली काळी माती असेल, तर ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. म्हणून ट्रायल पिट खणून मुरूम किती खोल लागतो ते बघा आणि पाया तिथंच टेकवा. शाफ्टचं वजन जुन्या इमारतीवर टांगू नका, मध्ये सांधा सोडा. शाफ्ट थोडा जरी कलला तरी गाइड रेल (केबिन ज्यांवरून सरकते ते उभे रूळ) ओळंब्यात राहत नाहीत, केबिन घासते, दारं अडतात.

पुराचं म्हणाल तर मशीन रूम नसलेली लिफ्ट घ्या, मोटर आणि कंट्रोल पॅनेल वरच्या टोकाला ठेवा. मीटर बोर्डही २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर न्या. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट, धोका पातळी ४३. इशारा मिळाला की केबिन तिसऱ्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद करायचा. पाणी ओसरल्यावर पिट (शाफ्टच्या तळाचा खड्डा) उपसून, गव्हर्नर (वेग वाढला की लिफ्ट थांबवणारा भाग) आणि बफर (तळाशी धक्का झेलणारा भाग) तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय लिफ्ट सुरू करू नका.

हिशेबतपासनीस
आदर्श उपविधींत लिफ्टचा चालू खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापर असो वा नसो. उभारणीची वर्गणी मात्र सर्वसाधारण सभेत ठरवा. सगळे मान्य करत असतील तर मजल्यानुसार कमी-जास्त ठेवणं मला रास्त वाटतं. सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो इमारत बळकट करायला आणि मोठ्या दुरुस्तीला आहे. महापालिकेची परवानगी आर्किटेक्टमार्फत, आणि २०१७ च्या लिफ्ट कायद्याखाली उभारणीआधी परवानगी, नंतर परवाना. परवाना हातात येईपर्यंत ठेकेदाराचे दहा टक्के राखून ठेवा. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) दोर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) धरलेत का, हे वाचूनच सही करा.

रंकाळाकाठ
लॉबीच्या पूर्वेला चार फूट रुंद सिमेंटची जाळी आहे. ती फोडली तर?

ओळंबा
चार फूट म्हणजे १.२२ मीटर, जेमतेम पुरेल. जाळी आणि तिच्याखालची विटांची भिंत काढता येते, पण वरच्या-खालच्या बीमला धक्का लावायचा नाही. तिन्ही मजल्यांवर जाळी एकाखाली एक ओळंब्यात आहे का, ते दोरी सोडून आजच बघा.