शब्दचर्चा : वस्तुनिष्ठ, वर्ग, नग, पोटवर्ग

प्रश्न (मंडणगड)
गावातील वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांना मी पायथन या संगणकभाषेतील टर्टल मॉड्यूलने (पडद्यावर ‘कासव’ चालवून रेषा काढणाऱ्या साधनाने) चित्रे काढायला शिकवतो. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे धावतात, त्यावर आम्ही एक खेळ रचत आहोत : पिल्लांनी पाणी गाठायचे आणि खेकड्यांनी त्यांना वाटेत पकडायचे. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’, म्हणजे वस्तूंभोवती आज्ञावली रचण्याच्या पद्धतीसाठी, एका टिपणात ‘वस्तुनिष्ठ’ असा शब्द दिसला. तो योग्य आहे का? क्लास (समान गुण-रीतींचा आराखडा), इन्स्टन्स (त्यावरून बनलेली एकेक वस्तू) आणि इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणे) यांना काय म्हणावे?

उत्तर (रत्नागिरी)
‘वस्तुनिष्ठ’ टाळावा. तो ‘व्यक्तिनिष्ठ’च्या विरुद्ध अर्थाने रुळलेला असून, मुलांना त्यावरून परीक्षेतील पर्यायी प्रश्नच आठवतील. ‘वस्तुकेंद्री’ बरा. क्लासला ‘वर्ग’ म्हणण्यास हरकत नाही. प्राण्यांच्या वर्गीकरणात मुलांनी तो याच अर्थाने वाचलेला असतो. इन्स्टन्ससाठी मात्र ‘उदाहरण’ किंवा ‘दृष्टांत’ नको. पडद्यावर दहा पिल्ले सोडली, तर ती एकाच वर्गाचे दहा नग आहेत : चालण्याची रीत सर्वांना समान, पण प्रत्येकाची जागा, दिशा आणि रंग ज्याचा त्याच्यापाशी. (‘काय नग आहे हा!’ हे आठवून मुले हसतील; हसू द्यावे, शब्द पक्का बसेल.)

उत्तर (मालवण)
‘नग’ मान्य. इनहेरिटन्ससाठी वापरला जाणारा ‘वारसा’ हा शब्द मात्र मला खटकतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद होते ती मूळ मालक गेल्यावर, आणि भाऊबंदांत हिस्से पडतात. आज्ञावलीत मूळ वर्ग जागच्या जागी राहतो, त्याचे काहीही कमी होत नाही, आणि उद्या त्यात बदल केला तर तो खालच्या वर्गांनाही लागू होतो, मग त्यांनी तेवढी रीत स्वतःपुरती बदलून घेतली नसेल तर. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञांच्या 1967 च्या सिम्युला या संगणकभाषेतही यासाठी वारशाचा शब्द नव्हता. वर्गाच्या नावाआधी दुसऱ्या वर्गाचे नाव जोडत आणि त्याला प्रीफिक्स, म्हणजे उपसर्ग, म्हणत. आपल्याकडे पोटकलम आहे, पोटजात आहे; तसाच ‘पोटवर्ग’ म्हणावा. एक सूचना : खेकडा थेट टर्टलचा पोटवर्ग केला, तर तो कागदोपत्री कासव ठरतो. मध्ये ‘प्राणी’ हा वर्ग घालून त्याच्यापाशी टर्टलचा एक नग बाळगायला द्यावा, आणि पिल्लू व खेकडा हे दोघे ‘प्राणी’चे पोटवर्ग करावेत.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. बदल केला. ‘प्राणी’मध्ये ‘चाल’ ही रीत असून पिल्लू ती जशीच्या तशी घेते, तर खेकड्यात ती नव्याने लिहिली आहे : उजवीकडे 90 अंश वळ, 5 एकके पुढे जा, डावीकडे 90 अंश वळ. त्यामुळे तोंड समोर ठेवून तो आडवा सरकतो. आता सर्व नगांना एकच ‘चाल’ सांगितली की ज्याची त्याची चाल दिसते. यास (इंग्रजीत पॉलिमॉर्फिझम) ‘बहुरूपता’ म्हणावे का?

उत्तर (रत्नागिरी)
बहुरूपी म्हणजे अनेक सोंगे घेणारा एकच माणूस. येथे आज्ञा एक आणि ती पाळणारे अनेक. तरीही रूपे आज्ञेची आहेत असे धरल्यास शब्द चालतो, आणि तो रूढही आहे. पायथन 3 मध्ये ‘पिल्लू’, ‘खेकडा’, ‘चाल’ ही नावे देवनागरीत लिहिता येतात. रीतीत त्या-त्या नगासाठी लिहिले जाणारे ‘सेल्फ’ हे नावही केवळ संकेत असल्याने तेथे ‘स्व’ चालेल; ‘क्लास’ आणि ‘डेफ’ (रीत लिहायला सुरुवात करणारा शब्द) हे भाषेचे राखीव शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतील.