सामाईक गटार कोणी साफ करायचं? तुमचे अनुभव लिहा

अंगणवेल
काल मोठी सर येऊन गेली आणि पलीकडच्या दोन घरांतला वाद ऐकू आला. "चेंबर तुमच्या हद्दीत, तुम्ही बघा." "घाण तुमची, माणूस तुम्ही बोलवा." ऐकता ऐकता वडील आठवले.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये अरुंद बोळ होती. दोन्ही मोऱ्यांचं पाणी तिथल्या एकाच गटारातून पुढे जायचं. पावसाळ्याआधी वडील आणि शेजारचे काका मिळून फरशा उचलायचे, गाळ उपसायचे, कामटी घालून पार टोकापर्यंत मोकळं करायचे. कोणी जास्त केलं, कोणी कमी, याचा हिशेब कधी निघाला नाही. काका गेले, मुलांनी घर विकलं. नव्या मालकांनी बोळीकडचं दार विटांनी बुजवलं. त्यांच्या लेखी गटार तिथेच संपलं. पाणी उलटं यायचं ते आमच्या मोरीत.

वडील कितीदा सांगायला गेले, त्यांना पटेना. शेवटी वडिलांनी त्यांना हात धरून आमच्या मोरीत आणून उभं केलं आणि त्यांच्या घरी नळ सोडायला सांगितलं. त्यांच्याच साबणाचा फेस आमच्या जाळीतून वर आला. त्या दिवसापासून खर्च निम्मा निम्मा, आणि बोलणंही सुरू झालं. डोळ्यांनी दिसेपर्यंत आपलं पाणी कुठे जातं हे बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. तुमच्याकडे कसं चालतं?

ओसरी
आमचं घर ओळीत सगळ्यात खाली. वरच्या सगळ्यांचं आमच्याच आवारातून जातं. तुंबलं की पहिलं आमच्या न्हाणीत, वरच्यांना काही कळतच नाही. आणि उत्तर ठरलेलं, ज्याच्या दारात तुंबलं त्याने बघावं. फार लागतं हो मनाला. सासूबाई आजारी असताना घरभर तो वास... नंतर लिहिते, दारावर कोणीतरी आलंय.

रानफूल
ओसरीताई, अगदी कळतंय. आमचंही शेवटचंच घर होतं.

ओळंबा
बांधकामात आयुष्य गेलं म्हणून थोडं सविस्तर.

भांडण करण्याआधी चेंबर उघडून बघा. वरून खाली एकेक झाकण काढत जायचं. भरलेलं चेंबर आणि त्याच्या पुढचं कोरडं चेंबर, अडथळा त्या दोघांच्या मध्ये. तो तुकडा कोणाकोणाचं पाणी वाहून नेतो ते बघा. दोन पाइप जिथे मिळतात त्याच्या आधीचं ज्याचं त्याचं, मिळाल्यानंतरचं सगळ्यांचं. मला तरी हीच वाटणी न्याय्य वाटते. जमीन कोणाची यावर गेलात की शेवटच्या घरावर कायम अन्याय होतो.

कोणाचा पाइप कुठे मिळतो हे कोणालाच आठवत नसेल तर प्रत्येकाच्या मोरीत वेगळा रंग कालवून पाणी सोडा आणि चेंबरपाशी उभे राहा. वाद तिथेच मिटतो.

आणि दरवेळी त्याच जागी तुंबत असेल तर नुसती साफसफाई करून उपयोग नाही, उतार तपासा. चार इंची पाइपला साधारण ४० फुटांना एक फूट उतार लागतो, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. जमीन खचून मध्ये पोट आलं की गाळ तिथेच बसतो. मग ती दुरुस्ती झाली, आणि दुरुस्तीचा खर्चही त्याच हिशेबाने वाटायचा.

काजवा
वा ओळंबा काका, सेव्ह करून ठेवलं 🙏

रानफूल
आमच्याकडे झाडाची मुळं निघाली! शेजाऱ्यांचं झाड, पाइप दोघांचा. जुना मातीचा पाइप, सांध्यातून ओल झिरपत होती, मुळं बरोब्बर तिथून आत शिरली. बाहेर काढली तर जटा नुसत्या. शेजारीण रडकुंडीला आली, झाड तिच्या आईने लावलेलं. मग झाड ठेवलं, तेवढा पाइप बदलून पीव्हीसीचा घातला, सांधे पक्के केले. खर्च तिने थोडा जास्त उचलला, स्वतःहून. आता त्या झाडावर सनबर्डनी घरटं केलंय, फोटो टाकेन.

चांदणं
फोटो टाक गं! आमच्या गच्चीतही येतात ते.

वाटसरू
मी इंग्लंडमध्ये असतो. इथेही हेच रडगाणं होतं. मग १ ऑक्टोबर २०११ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक सामाईक मलवाहिन्या पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. स्वतःच्या हद्दीतला, फक्त आपल्याच घराचा पाइप आपण बघायचा, दुसऱ्याचं पाणी मिळालं की पुढे कंपनी. शेजारी शेजारी भांडायचं एक मोठं कारणच गेलं. असं सगळीकडे व्हायला हवं असं मनापासून वाटतं.

काजवा
आपल्याकडे १८८२ चा इझमेंट अ‍ॅक्ट आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा. वकील नाही, पण आमच्या वादात वाचावा लागला. कलम २४ मध्ये चक्क पाइपचं उदाहरण आहे: दुसऱ्याच्या जमिनीतून पाइप नेण्याचा हक्क असेल तर दुरुस्तीसाठी आत जाऊन खणता येतं, मात्र जमीन पुन्हा होती तशी करून द्यायची. कलम २५ प्रमाणे खर्च हक्क वापरणाऱ्याचा. म्हणजे ज्याच्या जमिनीतून फक्त पाणी जातं त्याच्यावर दुसऱ्याचं गटार साफ करायचं बंधन नाही. त्याचंही पाणी त्यातच असेल तर गोष्ट वेगळी. ओसरीताई, खरेदीखत काढून बघा, गटाराचा उल्लेख असतो कधी कधी.

ओसरी
आले परत. खरेदीखत दिरांकडे आहे, मागते. काजवा, हे सगळं वरच्या घरातल्यांना दाखवलं तर चालेल ना? भांडण नकोय मला. रोज तोंड बघायचंय एकमेकांचं.

काजवा
दाखवा की. पण आधी रंगाचं पाणी करा, कायदा नंतर 🙂

धुकं
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. खर्च कोणाचा यावर तासभर बोलतो आपण, आत कोण उतरतो यावर एक मिनिट नाही. आमच्या गल्लीत दोन घरं भांडत बसली आणि बोलावलेल्या पोराला कोणीतरी म्हणालं, उतर रे पटकन. माझ्या आईने अडवलं त्याला. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा चांगली आहे. एक पडला की वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. घरमालकालाही लागू. बाहेरून रॉड घाला, जोरात पाणी मारून लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडी बोलवा. पैसे जास्त गेले तर जाऊ देत, सगळ्यांनी मिळून भरा.

अंगणवेल
धुकं, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. फार मोलाचं लिहिलंत.

चांदणं
+१. आणि तुंबल्यावर ड्रेन क्लीनरची पावडर, अ‍ॅसिड वाट्टेल ते ओतू नका प्लीज. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी न सांगता ओतलं, प्लंबरदादांनी पाइप खोलला आणि ते हातावर उडालं. त्यांची चूक शून्य. निदान काय ओतलंय ते सांगा तरी.

पायवाट
पूर्ण धागा वाचला नाही. गच्चीचं पावसाचं पाणी सामाईक सांडपाण्याच्या लाइनला जोडलेलं चालतं का? शेजाऱ्यांनी जोडलंय, पाऊस पडला की आमचं टॉयलेट गुडगुड करतं.

ओळंबा
नाही जोडायचं. ती लाइन घरातल्या पाण्याच्या हिशेबाने घातलेली असते, पावसाचा लोट तिला झेपत नाही, मग हवा आणि पाणी तुमच्या ट्रॅपमधून, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या पाइपच्या वळणातून, वर येतं. पावसाचं वेगळं काढायला सांगा. गोडीत सांगा, बहुतेकांना माहीत नसतं.

रानफूल
मोहेंजोदडोला साडेचार हजार वर्षांपूर्वी झाकलेली विटांची गटारं होती, मध्ये मध्ये गाळ धरायला खड्डे, साफ करता यावीत म्हणून वरच्या विटा काढता यायच्या. मुलीच्या अभ्यासात आलं परवा. तिने विचारलं, आई, ती कोण साफ करायचं? काय सांगणार!

पायवाट
धन्यवाद ओळंबा. आज संध्याकाळी बोलतो त्यांच्याशी.

ओसरी
दीर म्हणाले कागद रविवारी आणतो. वरच्या दोन घरांना मेसेज केला, एकीचा "हो येते" आलाय. कोणता रंग घेऊ? कपड्यांना, फरशीला डाग नको पडायला.

ओळंबा
खाण्याचा रंग घ्या, थोडाच, बादलीत कालवून. एका घराचा लाल, दुसऱ्याचा हिरवा. आणि झाकण एकटीने उचलू नका, जड असतं.