गल्लीतल्या ४२ फुटी भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचंय, सुरुवात कुठून करू? (बडोदा)

गल्लीतली_ताई
नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला राहतो, गल्लीत एका जुन्या वाड्याची कंपाउंडची भिंत आहे, ४२ फूट लांब नि ७ फूट उंच, तोंड पश्चिमेला, दुपारनंतर सगळं ऊन तिच्यावरच. वाड्याचे मालक काका तयार आहेत. गल्लीत मराठी गुजराती मिळून २२ घरं, लहान मुलं भरपूर, आणि मला मनापासून वाटतं की चित्र बाहेरून पेंटर बोलावून नको, आपल्याच माणसांच्या हातचं असावं.
तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी घाईत एक केलं होतं, घरात उरलेल्या ऑइल पेंटमध्ये, पोरांनी हत्तींची रांग काढली होती. पुढच्या पावसाळ्यात खालून फुगे आले आणि पोपडे पडायला लागले, हत्तींचे पाय गेले नि वर नुसती धडं राहिली, आणि एक छोटी रोज शाळेतून येताना थांबून बघायची की आज आणखी किती गेलं. ते परत व्हायला नको म्हणून विचारतेय. रंग कुठला घेऊ? आणि विषयावरून पण अडलंय, अर्ध्यांना सयाजीराव महाराजांचा मोठा चेहरा हवाय, अर्ध्यांना गरबा.

चुनाविटा
ताई रंगाचं नंतर बघू, आधी भिंतीत पाणी कुठून शिरतंय ते शोधा. जुना वाडा म्हणजे आत वीट नि चुना असणार आणि वरून कोणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलेलं असणार, जमिनीतली ओल वर चढते, सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, त्यावर तुम्ही ऑइल पेंट लावला म्हणजे उरलेली वाट पण बंद. मग लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, फुटतो आणि रंग ढकलून काढतो.
एक करा, प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, एक खाली एक वर, दिवसभर ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत ओली आहे, रंगाला हात लावू नका. भिंतीचं डोकं पण बघा, वर भेग असेल किंवा उतार नसेल तर पाणी तिथून पण उतरतं.
जुना पेंट पूर्ण खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. खालचे दीड दोन फूट सिमेंट काढून चुन्याचं प्लास्टर करून घ्या आणि तिथे चित्र नकोच, नुसती गेरूची पट्टी मारा, दरवर्षी दिवाळीला परत मारता येते. वर कुठे नवीन सिमेंट प्लास्टर केलंत तर २८ दिवस थांबा. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिक एक्सटीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग. रंगाच्या दोन हातांना लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरा, तुमची अख्खी भिंत २९४ चौरस फूट, म्हणजे नुसत्या बेसला ५-६ लिटर. पश्चिमेच्या उन्हात भडक लाल, गुलाबी लवकर उडतात, गेरू, पेवडी (पिवळी माती), काळा असे मातीचे नि खनिजाचे रंग टिकतात, मुख्य चित्र त्यातच बसवा.

सूत_मारा
वरचं सगळं पटलं. मी फाइन आर्ट्सला शिकलोय म्हणून विषयाबद्दल बोलतो. तुमची गल्ली रुंद किती? ८-१० फूट असेल तर महाराजांचा सात फुटी चेहरा कोणालाच पूर्ण दिसणार नाही, मागे सरकायला जागाच नाही, नाक दिसेल तर डोळे सुटतील. अशा भिंतीला चालता चालता वाचायचं चित्र लागतं, म्हणजे या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारी गोष्ट.
आपल्याकडे हे बघायला लांब जायला नको. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, तिथे १९व्या शतकातली चित्रं भिंतींवर भरलीयत, कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठे लढाईसुद्धा. कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांनी चार भिंती रंगवल्या, १९३९ च्या गंगावतरणापासून पुढे सहासात वर्षं अधूनमधून येऊन. गल्लीतली पोरं आणि मोठी दोन्ही, एका रविवारी परवानगी काढून दाखवून आणा, भांडण अर्धं तिथेच मिटेल.
आणि महाराज हवेच असतील तर चेहऱ्याऐवजी त्यांचं काम काढा ना. १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, पुढे खेड्यापाड्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जायच्या, फिरतं ग्रंथालय. ती पेटी एका टोकाला उघडा आणि त्यातून तुमची गल्ली बाहेर येऊ द्या, मल्लखांब, गरबा, सुरसागर तलाव, विश्वामित्री नदीतली मगर. गरबेवाले पण खूश.
कच्चं चित्र ४२ इंच बाय ७ इंच कागदावर करा, एक इंच म्हणजे एक फूट. भिंतीवर सूत मारून (रंग लावलेली दोरी ताणून रेघ उमटवून) फूट-फूटाचे चौकोन पाडा, चौकोनांना नंबर द्या, प्रत्येक घराला आपापले चौकोन. चेहरे आणि हात तेवढे चित्राचा सराव असलेल्या माणसाकडे ठेवा, बाकी रंग भरायला सहा वर्षांचं पोर पण चालतं.

वाडीतल्या_काकू
तोंडी हो वर जाऊ नकोस गं, मालकांकडून कागदावर लिहून घे, उद्या मुलं परदेशातून येऊन वाडा विकायला काढतात. भिंतीची बाहेरची बाजू कॉर्पोरेशनच्या रस्त्यावर येते का ते पण विचारून ठेव. देव खाली काढू नका, थुंकणाऱ्यांना अडवायला म्हणून देव लावायचे हे मला कधीच पटलं नाही, देवाचा अपमान होतो तो होतोच. आणि प्रत्येक रंग थोडा बरणीत ठेवा, झाकणावर चौकोनाचा नंबर लिहा, पुढच्या वर्षी तीच छटा परत मिळत नाही.

गल्लीतली_ताई
सगळ्यांचे खूप आभार. काल प्लास्टिक लावलं होतं, वरचं कोरडं, खालचं थेंबांनी भरलेलं, आणि गच्चीचं पन्हाळ बरोबर हत्तींच्या जागेवर पडतंय हे आम्ही इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. प्लंबर उद्या येतोय. गल्लीची रुंदी मोजली, ९ फूट! पेटीची कल्पना रात्री ओट्यावर सांगितली तर महाराजवाले काका स्वतःच म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या गावात अशी पेटी यायची, ते वर्णन लिहून देणारेत. काम दिवाळीनंतर काढतोय. छोटीला विचारलं कुठला चौकोन हवा, तिला मगरीचा पाय हवाय.